दिवसातून तीन वेळा, पातळ थर

विषय : पाठीला लावायच्या बधिरतेच्या मलमाचा मज्जातंतूंवर झालेला दुष्परिणाम, आणि त्या अनुषंगाने एका घरी तातडीने माणूस पाठवणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरचा माझा अर्ज, दुष्परिणाम नोंद कक्षात समक्ष दाखल.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, कक्षाच्या छापील फॉर्मवर ‘दुष्परिणामाचे थोडक्यात वर्णन’ यासाठी तीन ओळी सोडलेल्या आहेत. तीन ओळींत खाज मावते, पुरळ मावतं, फार तर चक्कर मावते. माझं प्रकरण मावलं नाही. म्हणून हे जोडपत्र.

१

मी निवृत्त आवक-जावक कारकून आहे. कार्यालयात आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरात चढवायचं, गेलेलं प्रत्येक पत्र जावक रजिस्टरात, आणि मधल्या काळात त्या पत्राचं काय झालं याच्याशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून बसायचं, हे काम मी चौतीस वर्षं केलं.

दोन महिन्यांपूर्वी पाठीवर, डाव्या खांद्याखाली नागीण उठली. फोड वाळले, आग तशीच राहिली. सदरा टेकला तरी कुणी तापलेली इस्त्री ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी मलम दिलं.

“दिवसातून तीन वेळा, पातळ थर. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात.”

“साडेसात चालेल?”

“वेळ चुकवू नका, काका. मी सगळ्यांना याच वेळा देतो. म्हणजे माझ्याही लक्षात राहतं.”

दुखरी जागा अशी नेमकी होती, की तिथे माझा हात वरूनही पोचत नव्हता आणि खालूनही. काम बायकोकडे गेलं.

“चौतीस वर्षं ही पाठ खुर्चीला टेकवलीत,” ती म्हणाली, “आणि सेवा मात्र माझ्याकडे.”

मधल्या खोलीत मी खुर्चीवर उलटा बसायचो. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ. मागे खिडकीच्या कट्ट्यावर ट्यूबचं झाकण ठेवल्याचा टक् असा आवाज यायचा, मग हिची दोन बोटं लागायची. अंगठीला मलम लागू नये म्हणून दोनच. ती गोल गोल चोळायची, तीन मिनिटांत उरकायची आणि “उठा” म्हणायची. एकंदरीत माझ्या जुन्या कार्यालयापेक्षा कामकाज बरं चाललं होतं.

२

आठवड्याभरात बशीएवढी जागा बधिर झाली. आग गेली. तिथे टाचणी टोचली तरी कळेना, आणि मला त्याचा आनंदच झाला.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी त्या बधिर जागेवर मला चार बोटं लागली.

ती मानेपासून चाचपत खाली आली, जणू जागा शोधत होती. सापडली तेव्हा थांबली आणि वरून खाली, वरून खाली चोळू लागली. गोल नाही. बोटं जाड होती, शेवटचं जरा वाकडं. बराच वेळ चोळून झाल्यावर त्या हाताने पाठीवर हलक्या दोन थापा मारल्या. झालं, सदरा घाला, अशा अर्थाच्या.

“आज चार बोटं का?” मी विचारलं. “आणि थापा कसल्या?”

“कुठे थापा? केव्हाची उठा म्हणतेय, तुम्ही आपले बसलेले.”

हिने हात पुढे केला. दोन बोटांना मलम होतं. अंगठी कोरडी होती.

इतकं तत्पर उत्तर मिळालं की रजिस्टर तपासायचं, अशी माझी नोकरीतली सवय. दुपारी एक वाजता मी कपाटाच्या आरशाकडे पाठ करून बसलो आणि हातात हिचा छोटा आरसा धरला. आरशात मला दोन बोटं दिसली, गोल फिरताना. पाठीला चार लागत होती, वरून खाली जाताना. हिने हात काढून घेतला, पदराला पुसला, आणि आरशात माझी पाठ मोकळी दिसत असताना माझ्या पाठीवर ती चार बोटं चोळतच राहिली.

हिने आरशात माझा चेहरा पाहिला.

“असं काय बघताय? पाठीवरनं काय चोरून नेणार आहे मी?”

३

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “होतं असं. मलमाने नस बिघडली की ती खोटे निरोप देते. मुंग्या आल्या, पाणी सांडलं, कुणी हात लावला.”

“खोटे की चुकीचे?”

“फरक काय?”

“खोटा निरोप कुणीतरी बसून बनवावा लागतो. चुकीचा आपोआप येतो.”

“काका, तुम्ही निवृत्त झालात ना?” ते हसले. “मलम बंद करा. आपोआप थांबेल. आणि काकू, तुम्ही हातमोजा घालूनच लावत होता ना?”

ही माझ्याकडे बघायला लागली.

“ट्यूबबरोबर माहितीचा कागद असतो,” डॉक्टर म्हणाले. “त्यात पहिलंच वाक्य आहे ते.”

“कागद यांनी घेतला,” ही म्हणाली. “भोकं पाडली, वर नंबर टाकला आणि फायलीला लावला. मला दाखवायचा तर तो काय माझ्या नावाने आला होता?”

हे खरं होतं. आवक क्रमांक अकरा.

रस्त्याने येताना हिने सांगितलं, की तिची ती दोन बोटं पंधरा दिवसांपासून बधिर आहेत. मागच्या आठवड्यात गरम झाकण नुसत्या हाताने उचललं आणि चामडी पांढरी झाल्यावर तिला कळलं.

“बोलली का नाहीस?”

“तुमच्या पाठीचं चाललं होतं ना,” ती म्हणाली.

४

मलम बंद केलं. ट्यूब कपाटात ठेवून किल्ली मी खिशात ठेवली. संशय होता हे मान्य करतो. ही माझी गंमत करत असावी, असं अजून वाटत होतं. गंमत करायची तिची जुनी खोड आहे.

दुपारी एक वाजता मी उलटा नाही, सुलटा बसलो होतो. खुर्चीची पाठ माझ्या पाठीला घट्ट टेकलेली. मध्ये कागद सरकला नसता. ही स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, सुरीचा आवाज मला ऐकू येत होता.

मानेपासून चाचपत हात खाली आला.

मी हाक मारली. ही सुरी घेऊनच धावत आली. मी घड्याळाकडे बोट केलं आणि तसाच बसून राहिलो. सात मिनिटं. वरून खाली, वरून खाली. मग दोन थापा.

संध्याकाळी सातला पुन्हा. सकाळी सातला पुन्हा. मी एक वही घातली. रकाने आखले : वेळ, कालावधी, बोटांची संख्या, शेरा. बायकोवरचा संशय त्या वहीने संपवला. मग मी स्वतःवर घेऊन पाहिला, पण मी वेळ इतकी पाळत नाही. उरलेल्या माणसाला मी पाहिलेलं नव्हतं.

५

“दाखवा कुठे लागतंय,” ही म्हणाली आणि दुपारी एकच्या ठोक्याला तिने आपली दोन बधिर बोटं माझ्या पाठीवर ठेवली.

ती एकदम गप्प झाली. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, असं सहसा होत नाही.

“अहो,” ती म्हणाली, “ही तुमची पाठ नाही.”

“मग काय शेजारून मागून आणली?”

“गप्प बसा. मलम होतं तोवर बोटांना काही कळत नव्हतं. आता हाडं लागताहेत. तुमच्या पाठीला हाडं कधी लागली? आणि हा टाक्यांचा व्रण. वरपासून खालपर्यंत.”

मला आयुष्यात टाका पडलेला नाही.

तिने डावा हात लावून पाहिला. डाव्या हाताला माझी पाठ लागली, चरबीसकट. उजव्या हाताच्या दोन बोटांना लागत होती कुणाची तरी हडकुळी पाठ, जी श्वास घेताना आतून खरखरत होती.

आणखी एक गोष्ट घडली, ती वहीत नोंदलेली आहे. हिची बोटं टेकली त्या क्षणी माझ्या पाठीवरचा तो हात थबकला. दचकल्यासारखा. मग त्याने माझ्या पाठीवर जरा दाबून पाहिलं, जसं आपण अंधारात ओळखीची वस्तू दाबून पाहतो.

६

नोकरीच्या अकराव्या वर्षी माझ्या हातून दोन पत्रं एकमेकांच्या लिफाफ्यांत गेली होती. एका माणसाला कामावर परत घेतल्याचं पत्र होतं, दुसऱ्याला कायमचं काढल्याचं. काढलेला माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन कार्यालयात आला तेव्हा मला चूक कळली. मी जावक रजिस्टर उघडलं, दोन्ही नोंदींपुढे ‘पोचले’ असं लिहिलं आणि मिटून ठेवलं. दुसऱ्या माणसाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तेव्हा मलमाने नेमकं काय केलं हे मला सांगता येत नाही, पण चूक कुठल्या जातीची आहे ते मी ओळखतो. निरोप खरे होते. लिफाफे बदलले होते. कुठल्या तरी घरात, आमच्याच वेळेला, एक बाई आपल्या आजारी नवऱ्याच्या पाठीला नुसत्या हाताने मलम लावत होती. तिचा हात लागत होता मला. त्याची पाठ लागत होती हिला. आणि ही मला हात लावायची, तेव्हा तिकडे त्या बाईच्या बोटांना लागत होती माझी पाठ.

“ती सारखी चाचपते का?” हिने मला विचारलं.

“रोज. मानेपासून.”

“तिला दिसत नाही हो,” ही म्हणाली.

त्यानंतर ही तिन्ही वेळा माझ्यामागे स्टूल घेऊन बसू लागली. त्या माणसाच्या श्वासाची तिला काळजी लागली होती. “आज खरखर जास्त आहे,” असं ती मला सांगायची, जसं काही तो आमच्या नात्यातला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दोन थापांची सवय झाली होती. आमच्या हिला थापा मारायची पद्धत नाही.

७

मंगळवारी सकाळी सात वाजता हिने बोटं टेकवली आणि म्हणाली, “गार आहे.”

“कोण?”

“श्वास नाही.”

माझ्या पाठीवर तो हात रोजच्यासारखा चोळत होता. सात मिनिटं झाली. दोन थापा पडल्या.

दुपारी गार. संध्याकाळी गार, आणि ताठ. बुधवारी तेच. गुरुवारी ताठरपणा गेला. ही म्हणाली, कातडी बोटाबरोबर सरकतेय. त्या दिवशी तिने हात तीनदा साबणाने धुतले, मी कारण विचारलं नाही. आणि या तिन्ही दिवसांत माझ्या पाठीवर ठरल्या वेळी मलम लावलं जात होतं, थापा पडत होत्या.

“तिला कळत कसं नाही?” मी म्हणालो. “तो बोलत नाही, हलत नाही.”

“बोलत नाही म्हणजे रुसला असेल म्हणेल. तुम्ही नाही चार-चार दिवस बोलत?”

मग आम्हा दोघांनाही एकदमच ते सुचलं. तिच्या बोटांना गार लागतच नव्हतं. ही त्याचा श्वास ऐकायला म्हणून माझ्या पाठीवर बोटं ठेवत होती, आणि तिकडे त्या बाईला दिवसातून तीन वेळा माझी गरम, भरलेली, श्वास घेणारी पाठ लागत होती. मलमाने नवऱ्याची तब्येत सुधारली, असंही वाटत असेल तिला.

८

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. पाठीवर टाक्यांचा लांब व्रण असलेला हडकुळा पेशंट, बायको आंधळी, पत्ता द्या. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं.

“दुसऱ्या पेशंटची माहिती मी देत नाही.”

“तो मेलाय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

याचं उत्तर मी दिलं. त्यांनी मला नोंद कक्षाचा रस्ता दाखवला.

कक्षातल्या बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, मग मला न्याहाळलं.

“आजोबा, दुष्परिणाम तुम्हाला झालाय ना? मग दुसऱ्याच्या घरी माणूस कशाला पाठवायचा?”

“तिथे एक बाई एकटी आहे.”

“ते पोलिसांचं.”

“पोलीस पत्ता विचारतात. पत्ता तुमच्याकडे आहे. मलम कुणाकुणाला दिलं त्याची यादी डॉक्टरांनी तुम्हाला पाठवलेली असणार.”

“यादी आहे. ती दाखवता येत नाही.” त्यांनी फॉर्म उलटा करून पाहिला. “आणि बोटांची संख्या असा इथे रकानाच नाही.”

“शेऱ्यात लिहा.”

“शेरा साहेब लिहितात. साहेब सोमवारी येतील.”

त्यांनी शिक्का मारला. मी चौतीस वर्षं हीच वाक्यं बोललो आहे, याच चालीवर. माझ्या टेबलापुढे उभं राहिल्यावर माणसाला कसं वाटत असेल, हे कळायला फार उशीर झाला.

९

“सोमवारपर्यंत थांबायचं नाही,” मी हिला म्हणालो. “आपणच कळवायचं.”

“कसं?”

मी बर्फाचं भांडं पुढे ठेवलं. माझी पाठ बर्फाने गार करायची. ठीक सातला हिने बोटं टेकवायची. म्हणजे तिकडे तिच्या बोटांना गार लागेल, आणि तिला कळेल.

हिने भांडं जवळ ओढलं. “म्हणजे नवरा गेल्याची बातमी मी माझ्या हाताने द्यायची तिला.”

“आपण देत नाही. अडकून राहिली आहे, ती पोचवतो.”

“तुमचं हे बोलणं मला कधीच आवडलं नाही,” ती म्हणाली, पण तिने टॉवेल ओला केला.

सात वाजायला दहा कमी असताना मी उलटा बसलो. टॉवेलमधला बर्फ पाठीला लावला. बधिर जागेला काही कळत नव्हतं, आजूबाजूची पाठ मात्र ओरडत होती. श्वास रोखायचा, असंही आमचं ठरलं होतं. घड्याळाचा काटा सातवर आला. हिने टॉवेल काढला आणि बोटं टेकवली.

हात आला. मानेपासून चाचपत. जागेवर आला आणि थांबला.

चोळलं नाही. तळहात पूर्ण टेकला. मग तो भराभर फिरू लागला, खांद्यावर, मणक्यावर, बरगड्यांवर. ऊब शोधत होता. मी श्वास रोखून धरला होता आणि मला वाटलं, सोडावा. एकदा सोडावा, तिला आजची रात्र मिळेल. मी सोडला नाही.

हात निघून गेला.

“कळलं,” मी म्हणालो.

“थांबा,” ही मागून म्हणाली. तिची बोटं अजून माझ्या पाठीवर होती. “तिने वळवलंय त्याला. खांदा लागतोय. हा गळा. गाल. दाढी वाढलेली आहे.” तिचा आवाज अगदी हळू झाला. “चेहरा चाचपतेय हो ती. नाक. ओठ.”

मग हिने हात असा झटकला, की स्टूल उलटलं.

मी वळून पाहिलं. ही भिंतीला टेकून उभी होती आणि ती दोन बोटं तिने ओल्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून धरली होती.

“काय झालं?”

तिने टॉवेल आणखी आवळला.

“अगं, काय लागलं?”

“ओठ हलताहेत,” ती म्हणाली.

म्हणजे माणूस जिवंत आहे, असा अर्थ काढता येईल. मी तसं म्हणूनही पाहिलं. चार दिवस गार पडलेला, कातडी सुटलेला माणूस जिवंत असेल तर चांगलंच आहे. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात पाठीवर तो हात परत आला. या वेळी चाचपत नाही आला. एकदम आला आणि चारही बोटं नखांसकट माझ्या पाठीत रुतली, घाबरलेलं माणूस जवळच्याला धरतं तशी. आपण कुणाला धरलंय हे तिला माहीत नसावं. मी श्वास सोडला, मोठमोठ्याने घेतला, म्हणजे इकडे कुणीतरी आहे एवढं तरी तिला कळावं. पण ही टॉवेल सोडायला तयार नाही, आणि हिने हात लावल्याशिवाय माझा निरोप तिकडे जात नाही.

१०

वरील घटनेला आज तीन दिवस होत आहेत. हात अद्याप उठलेला नाही. आता त्याला सात, एक, सात अशी वेळ नाही. बोटं चारच आहेत. पकड वाढलेली आहे. हिच्या म्हणण्याप्रमाणे नखांच्या जागी माझ्या पाठीवर काही दिसत नाही. हिने टॉवेल बदलला, पण गुंडाळलेलाच ठेवला आहे. त्या बोटांना आता काय लागतं, हे ती सांगत नाही, आणि जेवताना डावा हात वापरते.

आज सोमवार. सकाळी कक्षात जाऊन आलो. साहेब दौऱ्यावर आहेत. बाईंनी हे जोडपत्र ठेवून घेतलं नाही, आधी अर्ज निकाली निघू द्या म्हणाल्या, म्हणून ते माझ्याकडेच आहे.

अर्ज विचाराधीन आहे.